दिंडीचा नंबर



ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची कथा मी कीर्तनात किती वेळा सांगितली असेल, त्याची मोजदाद नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमाता लहान लेकरांना घेऊन त्र्यंबकेश्वरी प्रदक्षिणेला निघाले. रात्रीची वेळ, दाट रान. वाघ समोर आला आणि सगळी पांगापांग झाली. पुढे जाऊन पाहतात तो निवृत्ती नाही! परंपरा सांगते की निवृत्तिनाथ वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरले आणि तिथे त्यांना अनुग्रह झाला. आम्ही कीर्तनकार इथे वाघाला सोडतो, आईबापांना सोडतो आणि थेट गुहेत जातो. श्रोत्यांनाही तेच हवे असते. पण गुहेबाहेर जी आई उभी होती, उरलेल्या तिघांना पोटाशी धरून, तिची ती रात्र कशी गेली असेल, हे मी चाळीस वर्षांत एकदाही सांगितले नाही. मुलगा परत आला, गुरुकृपा घेऊन आला, म्हणून आपण ती रात्र विसरलो. सगळ्याच हरवलेल्या पोरांना गुहेत गहिनीनाथ भेटत नाहीत, माउली.

आपल्या सोहळ्याचा इतिहास पाहिला तर पोरेबाळे, म्हातारीकोतारी घेऊन चालायचे आणि कुणी पांगू द्यायचे नाही, हा प्रश्न पहिल्यापासून आहे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखीचा सोहळा सुरू केला. त्यात तुकोबांच्या पादुका आणि माउलींच्या पादुका एकाच पालखीत असत. पुढे 1832 च्या सुमारास हैबतरावबाबा आरफळकरांनी आळंदीहून माउलींचा सोहळा वेगळा काढला. हैबतबाबा मूळचे सातारा प्रांतातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी असलेले लष्करी गृहस्थ. गावी परतताना सातपुड्याच्या वाटेवर लुटारूंनी त्यांना सोबत्यांसह धरले, कोंडून ठेवले आणि हरिपाठाच्या बळावर ते सुटले, अशी कथा आहे. सुटल्यावर ते आळंदीला आले ते कायमचेच. महाद्वारातली त्यांची पायरी आपण रोज पाहतो.

अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था लावली. हे सगळे सांगितले जाते ते ऐश्वर्य म्हणून. माझ्या मते बाबांनी दिलेले खरे दान वेगळे आहे. वाटेत स्वतः धरला गेलेला, सोबत्यांसह कोंडला गेलेला आणि फौजेत दिवस काढलेला माणूस जेव्हा हजारो लोकांना चालवतो, तेव्हा तो आधी जागा ठरवतो. कोण कुठे, कुणाच्या मागे, कुणाच्या पुढे. रथापुढच्या 27 दिंड्या आजही आपापल्या क्रमानेच चालतात. रथामागच्यांनाही नंबर आहेत. दिंडीत आधी पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी आणि पाठीमागे तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या मायबाया. पहाटे कर्णा तीनदा वाजतो. तिसऱ्याला पालखी हलते, मग कुणाची लोटी राहिली, कुणाची पिशवी राहिली, थांबणे नाही. लोक म्हणतात, ही शिस्त भजनाच्या शोभेसाठी. असेलही. पण ज्याची जागा ठरलेली आहे, त्याचीच जागा रिकामी दिसते. गर्दीत कुणाची जागा रिकामी दिसत नाही.

आणि समाजआरती! मुक्कामी सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, भजन टिपेला गेलेले असते. चोपदार चोप उंच करतात, ‘हो’ अशी आरोळी होते आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. मग हरवले-सापडलेल्यांची पुकार होते, उद्याची निघण्याची वेळ सांगतात आणि नंतर आरती. देवाची आरती सुद्धा तोपर्यंत थांबते, हे ध्यानात घ्या.

याचे मोल मला 1978 साली कळले. तेव्हा मी तिशीही गाठली नव्हती. गावातली 14 मुले प्रथमच वारीला घेऊन निघालो होतो. सर्वांत धाकटा नऊ वर्षांचा. निघताना त्याच्या आईने त्याचा हात माझ्या हातात दिला आणि दुसरे काही बोलली नाही. वाल्ह्याहून निघालो, नीरेला माउलींच्या पादुकांचे स्नान झाले. नदीला नवे पाणी होते, गढूळ. मुलांना घाटावर एका मोठ्या मुलाच्या हवाली करून मी पादुकांजवळ भजनात शिरलो. भजन रंगले, मीही रंगलो. परत येऊन मोजली तो तेरा.

पुन्हा मोजली. तेराच. घाटावरून वर, खाली, पुन्हा वर. पाण्याकडे पाहवेना. लोणंदपर्यंत कसा चाललो ते मला सांगता येणार नाही. अभंग तोंडात होता एवढेच. संध्याकाळी समाजआरतीला चोप वर झाला, सगळीकडे शांत झाले आणि आमच्या दिंडीचे टाळ वाजत राहिले. चोपदार आले. विणेकरी म्हणाले, “पोर हरवलंय.” पुकार झाली. घटकाभर काहीच नाही. मग पार पलीकडच्या बाजूने एक हात वर झाला. एका दिंडीतल्या म्हाताऱ्या आजींनी त्याला नीरेच्या घाटावर रडताना पाहिले होते, भाकरी खायला घातली होती आणि चालता चालता खांदेकरी बदलत लोणंदला आणले होते.

मी त्याला विचारले, “अरे, सांगायचे होतेस ना कुणाच्या दिंडीतला ते!” तो म्हणाला, “बुवा, मला नंबर माहीत नव्हता.”

त्या मुलाला हरिपाठ तोंडपाठ होता. वर कितीतरी अभंग चालीसकट येत होते. सगळे मीच शिकवले होते. दिंडीचा नंबर शिकवला नव्हता.

पुढच्या वर्षापासून अभंगाआधी नंबर पाठ. सदऱ्याच्या आतल्या बाजूला शाईने नंबर आणि गावाचे नाव. पाण्यात मुले जोडीने, एक मोठे माणूस पाण्याच्या बाजूला, तेही भजन न करणारे. घाटावर, जेवणाला, झोपताना मुले स्वतःच मोठ्याने अंक म्हणत. मोजणी मी दुसऱ्यावर सोडली नाही. पुढे चंद्रभागेत वाळू उपशाचे खड्डे झाले. काल गुडघाभर असलेल्या जागी आज पुरुषभर पाणी असते. धरणातून पाणी सुटले की तेही वाढते. तेव्हापासून आमची मुले पायऱ्यांवर बसून लोट्याने अंघोळ करू लागली. काही जण म्हणाले, बुवा, हे कसले चंद्रभागास्नान? मी म्हटले, पुंडलिकाला सगळे कळते.

आता एक गोष्ट लिहितो, ती कीर्तनात कधी सांगितली नाही. असाच एका वर्षी एक मुलगा रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, मला त्या राहुटीत झोपायचे नाही. त्या राहुटीत एक ज्येष्ठ गृहस्थ असत, सगळे त्यांच्या पाया पडत. मी मुलाचे अंथरूण माझ्याजवळ आणले. कारण विचारले नाही. मोठ्या माणसाबद्दल विचारायचे कसे, असे वाटले. दुसऱ्या वर्षी तो मुलगा वारीला आला नाही. मी घरी जाऊन विचारलेही नाही.

समाजआरतीत ज्याची तक्रार असते, त्याचे टाळ वाजत राहतात. पण मुलाच्या हातात टाळ कुठे असतो? त्या रात्री तो मुलगा आपल्या परीने वाजवत होता. चोप माझ्या हातात होता.

त्यानंतर आमच्या दिंडीत मुलांची राहुटी वेगळी झाली. तिच्यात रात्री कायम दोन मोठी माणसे असत, एकटे कुणीही नाही. बुवाही नाही, मीसुद्धा नाही. दोघांपैकी एखाद्याला बाहेर जायचे झाले तर तिसऱ्याला उठवून बसवायचे. एकदोन जुन्या वारकऱ्यांना हे लागले. आमच्यावर अविश्वास का, म्हणाले. मी पहिली आडकाठी स्वतःला घातली, तेव्हा ते गप्प झाले. आणि रोज रात्री अंक म्हणून झाले की मी मुलांना विचारत असे: कुणाला जागा बदलायची आहे का? बहुतेक रात्री कुणी बोलत नसे. एखाद्या रात्री एखादा उठून जागा बदले. कारण मी तेव्हा लगेच नाही, सकाळी चालताना, रांगेत त्याच्या शेजारी येऊन विचारत असे.