घोणसाचे विष आणि न थांबणारे रक्त

१९३०च्या सुमारास हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात काढणे जिवावर बेतत असे. रक्त थांबतच नसे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील डॉ. मॅकफार्लेन उपाय शोधत थेट प्राणिसंग्रहालयाच्या सर्पविभागाकडे वळले, हे मला विलक्षण वाटते. तिथल्या बर्जेस बार्नेट यांच्यासोबत त्यांनी अनेक विषे तपासली. १९३४ साली त्यांनी जाहीर केले : घोणसाचे विष दहा हजार पट पातळ केले तरी हे रक्त गोठवते.

पण घोणस चावलेल्या शेतकऱ्याचे रक्त तर गोठेनासे होते! विष रक्त गोठवणारा दहावा घटक चेतवते. अंगभर हे घडले की गोठवणारी प्रथिने खर्ची पडतात. जखमेवरच्या बोळ्यातून मात्र तेवढ्यापुरती गुठळी धरते, आणि हिमोफिलियात उणा असलेला आठवा घटक लागतच नाही.