‘मधुमेह’ आणि ‘शुगर’ : एका थेंबाच्या मोजणीचा इतिहास

रोगाचे नाव पुष्कळदा त्याच्या परीक्षेवरून पडते. ‘मधुमेह’ हा शब्द मूत्र पाहून घडला. मूत्राकडे मुंग्या धावणे हे चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाचे पूर्वलक्षण म्हणून सांगितले आहे. ही गोडी साखरेची होय, हे मॅथ्यू डॉब्सनने १७७६ साली दाखविले. रक्तरसही गोड लागतो, असे त्यानेच नोंदविले होते. तथापि रुग्णाच्या उशाशी रक्त मोजता येण्यास आणखी जवळजवळ दोन शतके लागली. मधल्या काळात बेनेडिक्टचे निळे द्रावण होते. मूत्राचे थेंब घालून ते उकळले की साखरेच्या प्रमाणाप्रमाणे विटकरी रंगापर्यंत जाई. परंतु रक्तातील साखर शंभर मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेल्याखेरीज मूत्रात उतरत नाही. म्हणजे ही परीक्षा मुळातच मागाहूनची. १९६० नंतरच्या दशकात ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही रक्ताची पट्टी निघाली, आणि १९७० च्या सुमारास तिचा रंग वाचणारे यंत्र आले.

परीक्षा मूत्राकडून रक्ताकडे गेली, तरी ग्रंथांत नाव जुनेच राहिले. बोलीने मात्र नवे घेतले. मालवणच्या किनाऱ्यावर ‘माका शुगर आसा’ म्हणतात तेव्हा शुगर म्हणजे रोग. तपासणीही शुगरच, आणि यंत्रावर उमटणारा आकडाही शुगरच. भाषाभ्यासकाला हा अर्थविस्तार सामान्य वाटेल. रुग्णाला तो महाग पडू शकतो.

कारण आकडा म्हणजे रोग नव्हे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० किंवा त्यावरील साखरेस यंत्राची ९५ टक्के वाचने १५ टक्क्यांच्या आत असली की पुरे. उपाशीपोटी १२६ ही निदानाची रेषा. खरी साखर तेवढी असता यंत्र १०७ ही दाखवील, १४५ ही. एक माणूस निर्धास्त घरी जाईल, दुसरा धास्तावेल. म्हणून निदान शिरेतील रक्तावर, प्रयोगशाळेतच व्हावे. रक्तक्षय असल्यास वाचन वाढते. डबीचे झाकण उघडे राहिले तर पावसाळ्यातील दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आंबा सोललेल्या बोटाचा थेंब तर फळाचीच साखर मोजतो. तेथे स्पिरिटचा बोळा पुरत नाही, हात पाण्याने धुवावे लागतात.

इन्सुलिन घेणाऱ्यास रात्री दरदरून घाम फुटला असता मात्र हेच यंत्र उपयोगी. तेथे आकडा ५५ आला काय किंवा ६५ आला काय, साखर तत्काळ द्यावयाचीच असते.