दुगाडची लढाई : वसईच्या छायेत हरवलेले तीन दिवस

भिवंडीहून वाड्याकडे निघाले की वज्रेश्वरीच्या अलीकडे दुगाड नावाचे गाव लागते. भिवंडीपासून अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. वज्रेश्वरीला दर्शनासाठी आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी जाणारे हजारो भाविक दरवर्षी या परिसरातून जातात. परंतु डिसेंबर 1780 मध्ये इथल्या टेकड्यांवर पेशव्यांचा एक नामांकित सेनापती धारातीर्थी पडला, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची आठवण निघाली की आपण वडगावचा विजय सांगतो, सालबाईचा तह सांगतो. या दोहोंच्या मधले ठाणे-कल्याणातले वर्ष मात्र सहसा दोन ओळींत आटोपले जाते. दुगाडची लढाई त्या दोन ओळींतच हरवली आहे.

ही लढाई समजून घ्यायची तर आधी थोडे मागे जायला हवे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. साष्टीही मराठ्यांकडे आली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या दारात मराठी सत्ता येऊन उभी राहिली. मुंबई हे तेव्हा जेमतेम एक बेट. धान्य, लाकूड, गुरे, सगळे बाहेरून यायचे. साष्टी आणि वसई आपल्याकडे असावी ही मुंबईकर इंग्रजांची जुनी इच्छा पुण्यातील गृहकलहाने पुरी होण्याची चिन्हे दिसू लागली. 1774 च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बळकावली. पुढे राघोबादादांना गादीवर बसवण्याच्या निमित्ताने पुण्यावर चाल केली, ती जानेवारी 1779 मध्ये वडगावला संपली.

या सगळ्याला युरोपातल्या राजकारणाचाही धागा होता. 1777 मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन नाना फडणविसांशी बोलणी करू लागला, तेव्हापासून इंग्रजांची झोप उडाली होती. 1778 मध्ये अमेरिकेच्या युद्धात फ्रान्स इंग्रजांविरुद्ध उतरला, पुढच्या वर्षी स्पेन उतरला. पश्चिम किनाऱ्यावरचे एखादे बंदर फ्रेंचांच्या हाती पडले तर काय, ही भीती कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत सारखीच होती. बंगालहून मध्य हिंदुस्थान तुडवत सुरतेला आलेल्या जनरल गॉडर्डच्या फौजेमागे या भीतीचाही वाटा होता.

1780 च्या उन्हाळ्यात युद्ध आपल्या अंगणात आले. मे महिन्यात इंग्रजांनी कल्याण घेतले. कल्याण म्हणजे बोरघाट आणि माळशेज घाटातून उतरणाऱ्या वाटांचे नाक. नानांना ते गमावणे परवडणारे नव्हते. मराठी फौजेने कल्याणला वेढा घातला. 25 मे रोजी हल्ला करायचे ठरले होते. पण 24 तारखेलाच कॅप्टन जेम्स हार्टले मदत घेऊन पोचला आणि रात्री मराठ्यांच्या छावणीवर त्याने अचानक छापा घातला. हाच तो हार्टले, ज्याने वडगावच्या माघारीत पिछाडी सांभाळून कंपनीच्या फौजेचा समूळ नाश टाळला होता. दिवा-डोंबिवली भागातून आग्नेयेला दिसणाऱ्या मलंगगडावरही त्याच पावसाळ्यात झुंज झाली. कॅप्टन ॲबिंग्टनने गडाची खालची माची घेतली, पण वरचा उभा कडा त्याला घेता आला नाही. उलट मराठ्यांनी त्यालाच खाली कोंडले. ऑक्टोबरच्या आरंभी हार्टलेने त्याला सोडवले.

यानंतर हार्टलेवर जे काम आले, त्याचा उल्लेख युद्धाच्या वर्णनांत ओझरता येतो. ते काम होते भातकापणी राखण्याचे. मुंबई सरकारचा खजिना रिकामा होता. उत्तर कोकणातले पीक हाती आले तरच फौजेच्या पोटाची सोय होणार होती. म्हणून हार्टलेने हा मुलूख मराठ्यांच्या तुकड्यांपासून मोकळा ठेवला आणि शेतकऱ्यांना पीक काढू दिले. घाटावरून मराठे उतरले की भात जाळणार किंवा नेणार. इंग्रज राहिले की तेच भात त्यांच्या कोठारात जाणार. कुणब्याने राखले ते कुणासाठी, असा प्रश्न पडावा अशी ती स्थिती. राजकारणाच्या पटावर वसई होती, पण तिच्या वेढ्याचे पोट कल्याण-भिवंडीच्या खाचरांवर भरणार होते.

नोव्हेंबरच्या मध्याला गॉडर्ड वसईसमोर येऊन बसला. चोवीस पौंडी तोफा आणि उखळी तोफा किल्ल्याजवळ सरकू लागल्या. चिमाजीअप्पांना जो किल्ला घ्यायला काही महिने लागले, तो आता काही आठवड्यांत पडेल हे दिसू लागले. वसई वाचवायची तर वेढ्याच्या पूर्वेला आडवी उभी असलेली हार्टलेची फौज बाजूला करणे भाग होते. ही कामगिरी रामचंद्र गणेश कानडे यांच्यावर आली.

रामचंद्र गणेश हे काही नवखे सरदार नव्हते. 1769 मध्ये थोरल्या माधवरावांनी पानिपतानंतरची घडी नीट बसवण्यासाठी उत्तरेत जी मोठी मोहीम पाठवली, तिचे नेतृत्व त्यांच्याकडे आणि विसाजी कृष्ण बिनीवाल्यांकडे होते. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर त्या मोहिमेत सामील होते. अशा माणसाने सुमारे वीस हजारांची फौज घेऊन कोकणात उतरावे, यावरून पुण्याने वसईला किती महत्त्व दिले होते ते कळते. हार्टलेकडे लढण्याजोगी माणसे होती दोन हजारांच्या आसपास. तो मागे सरकत दुगाडला आला आणि उंचवट्यांचा आधार घेऊन उभा राहिला.

10 डिसेंबरला मराठ्यांनी पुढून आणि मागून हल्ले केले. ते परतवले गेले. 11 तारखेला तोफा आणून पुन्हा मारा केला. हार्टलेची बरीच माणसे पडली. उद्या शत्रू बगलेवरच्या टेकडीवर येणार हे हार्टलेने ताडले आणि रातोरात तिथे छातीइतका आडोसा उभारून तोफ चढवली. 12 डिसेंबरच्या पहाटे दाट धुके होते. त्या धुक्याच्या आडून रामचंद्र गणेश स्वतः पायदळ घेऊन टेकडी चढू लागले. बरोबर अरब होते आणि हजारभर कवायती शिपाई. त्यांचा अधिकारी नरोन्हा नावाचा पोर्तुगीज. मराठे टेकडीजवळ पोचले आणि धुके एकाएकी विरले. ग्रँट डफ सांगतो की क्षणभर दोन्ही बाजू एकमेकांकडे पाहत राहिल्या. मग तोफ धडाडली. रामचंद्र गणेश पडले, नरोन्हा जखमी झाला आणि सेनापती गेल्यावर फौज माघारी फिरली.

वसई आदल्याच दिवशी, 11 डिसेंबरला, गॉडर्डच्या स्वाधीन झाली होती. 12 तारखेच्या पहाटेची ती चढाई ज्या किल्ल्यासाठी होती, तो किल्ला तोवर गेलेला होता. ज्या पोर्तुगीजांकडून एकेचाळीस वर्षांपूर्वी मराठ्यांनी वसई घेतली, त्यांच्यातलाच एक अधिकारी वसई मराठ्यांकडे राहावी म्हणून त्या सकाळी रक्त सांडत होता.

इंग्रजी इतिहासात दुगाड म्हणजे दोन हजारांनी वीस हजारांवर मिळवलेला विजय. नी. ज. कीर्तने यांच्यापासून आपण डफच्या ग्रंथाची झाडाझडती घेत आलो आहोत. पण इथे प्रश्न आकड्यांचा नाहीच. मराठ्यांची खरी लढाई म्हणजे रसद तोडणे, वाटा अडवणे, शत्रूला दमवणे. ती लढायला वेळ लागतो. रामचंद्र गणेशांकडे नेमका तोच नव्हता. वसईच्या तटावर रोज गोळे पडत होते. त्यामुळे त्यांना शत्रूच्या पसंतीच्या जागेवर, शत्रूच्या पद्धतीने, समोरून चढावे लागले. पराभवाचे कारण शौर्याच्या उणिवेत शोधण्यापेक्षा घड्याळात शोधावे लागेल.

याचा पडताळा चारच महिन्यांत आला. फेब्रुवारी 1781 मध्ये गॉडर्डने बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत मजल मारली. पुण्याचा रस्ता जणू खुला झाला. पण आता घाई इंग्रजांना होती आणि वेळ मराठ्यांकडे. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी समोरासमोर झुंज न देता त्यांची रसद तोडली. एप्रिलमध्ये गॉडर्डला पनवेलकडे परतावे लागले. त्या माघारीत त्याची 466 माणसे ठार वा जखमी झाली, त्यांत 18 युरोपीय अधिकारी होते. दुगाडला जे करता आले नाही, ते बोरघाटाच्या पायथ्याशी झाले.

17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला आणि वसई मराठ्यांना परत मिळाली. फ्रेंचांचे भयही त्या तहात उमटले: पोर्तुगीज वगळता इतर युरोपीयांना पेशव्यांनी आपल्या मुलखात वखारी घालू देऊ नयेत, असे ठरले. साष्टी आणि ठाणे मात्र इंग्रजांकडेच राहिले. विजयी हार्टलेचे नशीबही फारसे उजळले नाही. मुंबई सरकारने त्याला दिलेली बढती ज्येष्ठतेच्या कारणावरून लंडनच्या संचालकांनी रद्द केली आणि दाद मागायला तो विलायतेला गेला.

दुगाडने वसईचा निकाल लावला नाही. तो एका बाजूला तोफांनी आणि दुसऱ्या बाजूला तहाच्या कलमांनी लावला. तरीही या लढाईची नोंद आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ठळक हवी. ठाण्याची खाडी, कल्याणचा तट, मलंगगडाचा कडा, भिवंडीची खाचरे आणि वसईचा बुरूज हे एकाच युद्धाचे अवयव होते, हे दुगाड दाखवते. आणि उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व केलेला सेनापती शेवटी आपल्याच कोकणातल्या एका अनाम टेकडीवर, स्वतः आघाडीला राहून पडला, एवढी आठवण तरी या भागाने जपायला हवी.