कागद कुणी घोटला?

एरंडोल म्हटलं की बाहेरच्या माणसाला पद्मालयाचा गणपती आठवतो. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात मात्र आमच्या गावाची वेगळी नोंद आहे. एकेकाळी इथला जाडाभरडा देशी कागद नावाजलेला होता. दख्खनमध्ये हा धंदा मुख्यतः मुसलमान कागदी घराण्यांचा. जुन्नरला तेच, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही तेच.

काम मोठं चिवट होतं. चिंध्या, जुनी गोणपाटं भिजवायची, चुन्यात मुरवायची, कुटायची, पुन्हा धुवायची. लगदा हौदात कालवून जाळीवर एकेक ताव उचलायचा, तो वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं. न घोटलेल्या कागदावर शाई फुटते. आता सांगा, हे एकट्या माणसाने उरकणारं काम आहे का? घरातच कारखाना असेल तर नवरा-बायको दोघं राबणार, पोरं हाताशी लागणार. पण ‘कागदी’ म्हणून नोंद झाली ती पुरुषाची. दस्तऐवज ज्या कागदावर लिहिले, त्याच कागदाला हात लावणाऱ्या बाईचं नाव त्यात नाही.

याच खानदेशात एका बाईचं नाव राहिलं, ते कसं तेही पाहा. आसोद्याच्या बहिणाबाई, जन्म 1880 चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांकडे आल्या. तिशीत पती नथुजी गेले. पदरात काशी, ओंकार आणि सोपानदेव. शेत, जातं, चूल यांतून सुटका नव्हती. गाणी सुचली ती याच कामांत. त्यांना ‘निसर्गकन्या’ म्हणून आपण मोकळे होतो, हे मला कधी पटलं नाही. त्यात त्यांचे कष्ट झाकले जातात.

स्वतः त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा शिकला, कवी झाला. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने आईची गाणी ऐकून उतरवून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली पुस्तक निघालं. आईने ते पाहिलं नाही.

एरंडोलच्या कागदी घरांतल्या बायाही काम करताना काही गुणगुणत असतीलच. कागद तर घरातच होता. लिहून घ्यायला कुणी बसलं नाही.