माशाची वीज आणि पऱ्हाटीचे विष

अकोला-अमरावतीकडे शास्त्राचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. संशोधन करायचे तर कापसाचे करा, बोंडअळीचे करा, खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचे करा, "समुद्रातल्या मासोयीचं पऱ्हाटीले काय देनंघेनं?" असे म्हणणारे अडाणी नाहीत. कर्जात पिचलेल्या मुलखाने पैशाचा हिशेब मागणे रास्तच आहे. तरीही हे मत चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातच मिळतो.

मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस यांसारखे कीटकनाशक फवारताना अंगात भिनले की लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, मांड्यांचे स्नायू आपोआप थरथरू लागतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. एरवी मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटते, स्नायूवरचे ग्राही ते पकडतात आणि स्नायू आकसतो. काम झाले की कोलिनएस्टरेज हे विकर त्याचा निकाल लावते. विष नेमके या विकरालाच जखडते. मग ग्राहींना उसंत मिळत नाही.

हे कळले कुठून? माणसाच्या स्नायूत हे विकर आणि ग्राही फार थोडे. टॉर्पेडो या विजेच्या पाकटाचा विद्युत-अवयव म्हणजे आकसणे सोडून वीज निर्माण करू लागलेला स्नायूच, आणि त्यात मज्जातंतू नि स्नायूचे असे सांधे थरावर थर रचलेले. 1937 च्या सुमारास पॅरिसमध्ये डेव्हिड नाखमानसोन यांना त्यात कोलिनएस्टरेजचा प्रचंड साठा आढळला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, विद्युत माशांच्या विकरावरच्या याच कामातून, त्यांचे सहकारी अर्विन विल्सन यांनी 1955 मध्ये प्रॅलिडॉक्सिम पुढे आणले. आपले डॉक्टर ज्याला 'पॅम' म्हणतात, तो उतारा हाच. ग्राहीसुद्धा 1970 मध्ये विजेच्या ईलमधूनच हाती लागला. त्याला हुडकायला तैवानच्या मण्यार सापाचे विष कामी आले.

कोणी म्हणेल, पॅमचा गुण तरी कुठे येतो? श्रीलंकेतल्या 2009 च्या चाचणीत फायदा दिसला नाही, हे खरे. पण आपल्याच बारामतीत 200 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जी 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, सलग मोठा डोस दिलेल्यांत मृत्यू कमी झाले. डोस, विषाची जात आणि उशीर यांनी फरक पडतो. काही विषे विकराला थोड्याच तासांत असे पक्के धरतात की पॅमलाही ते सोडवता येत नाही. विष विकराच्या कोणत्या खोबणीत बसते, तेही 1991 मध्ये टॉर्पेडोच्याच विकराच्या रचनेवरून उलगडले.

2017 मध्ये यवतमाळात फवारणीने माणसे गेली, तेव्हा सगळीच औषधे या जातीची नव्हती, आणि पॅम सगळ्यांवर चालतही नाही. म्हणून रुग्णासोबत फवारलेल्या औषधाचा डबा दवाखान्यात न्यायलाच हवा.

कापसाच्या संशोधनासाठी हवा तेवढा निधी मागा, मीही तुमच्यासोबत मागेन. पण तो मागताना माशाच्या मज्जातंतूंवर काम करणाऱ्याला निरुपयोगी ठरवू नका.