कचेरीतलं पाणी आणि प्राध्यापकांचा माठ

मंडळी, आपल्या जोयड्यातली पोरं आता दांडेली, कारवार, बेळगाव, गोवा, पुणे अशी नोकरीला पांगलीत. सणाला गावी आली की एखादं तरी सांगतंच, बरोबरीचा एक जण फार छळतो. टोमणे मारतो, चारचौघांत पाणउतारा करतो. घरातल्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं: "गप राहा, नोकरी सांभाळ." म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट. तेव्हा आपला सुपा भागही मुंबई इलाख्यातच होता.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि त्या बदल्यात दहा वर्षं संस्थानची चाकरी करायचा करार होता. महाराजांचा माणूस, परदेशात शिकलेला. पण कचेरीत काय झालं? शिपाई फायली लांबूनच त्यांच्या टेबलावर फेकायचे. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. महाराजांपर्यंत गाऱ्हाणं गेलं. त्यांनी ते दिवाणांकडे पाठवलं, आणि दिवाणांनी हात वर केले. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. छळणारे काही गुंड नव्हते. पगार घेणारी, घरी पोराबाळांत रमणारी साधी माणसं होती. आणि वरचा साहेब मनानं चांगला असला तरी खालचा कारभार हलला नाही, तर त्याचा चांगुलपणा पोचत नाही.

1918 च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये. इथले सहकारी तर प्राध्यापक! तरी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी यांनी प्यायचं नाही, म्हणून काहींनी हरकत घेतली. बाबासाहेब शिकवत राहिले. शिकवणं असं, की दुसऱ्या कॉलेजांची मुलंही येऊन बसायला लागली.

पण ते नुसते सोसत बसले नाहीत. परळच्या चाळीत काटकसरीनं राहून पैसे साठवले, कारण लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायचा होता. 31 जानेवारी 1920 ला शाहू महाराजांच्या मदतीनं 'मूकनायक' सुरू केलं. स्वतः सरकारी कॉलेजात नोकरीला, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. त्याच वर्षी प्राध्यापकी सोडून, साठवलेले पैसे आणि स्नेह्यांची मदत घेऊन लंडन गाठलं. नोकरी सोडली ती पुढचा रस्ता तयार ठेवून.

आणि पाण्याचा प्रश्न? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी हजारोंना बरोबर घेऊन पाणी घेतलं. एका कचेरीत, एका माठापाशी जे एकट्याला सोसावं लागलं, तो साऱ्यांचा प्रश्न आहे हे त्यांनी दाखवून दिलं. 26 जानेवारी 1950 पासून तर राज्यघटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यताच बंद केली.

आपल्या पोरांचा छळ आणि तो छळ एका मापाचा नाही, हे उघड आहे. पण घेण्यासारखं पुष्कळ आहे. काय घडलं ते तारखेसकट लिहून ठेवावं. वरच्याकडे लेखी कळवावं. काम असं चोख ठेवावं की बोट दाखवायला जागा राहू नये. आणि एकटं राहू नये, तसंच सोसणारे दुसरे असतातच.

त्या माठाभोवती आणखी काही प्राध्यापक बसलेले असणार. त्यातल्या एकानं उठून पेला भरून दिला असता, तर? आपली पोरं कधी छळ सोसणाऱ्याच्या जागी असतात, कधी शेजारच्या खुर्चीवर. दोन्ही वेळी कसं वागायचं, हे घरातच शिकवायला हवं. या सणाला पोर काही सांगायला लागलं, तर "गप राहा" म्हणायच्या आधी त्याचं पुरतं ऐकून घ्या.