रोजगार हमी योजनेचे आर्थिक मूल्यमापन
महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेमुळे ग्रामीण गरिबांचे उत्पन्न प्रत्यक्षात किती वाढले, याचा अर्थशास्त्रीय अभ्यास. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

योजनेचे काम स्वीकारताना मजूर दुसरी मिळकत सोडतो. त्यामुळे हाती आलेली पूर्ण मजुरी हा निव्वळ लाभ ठरत नाही. त्यातून बुडालेली मिळकत वजा करावी लागते. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हेलियन (१९५२–२०२२) व गौरव दत्त यांनी शिरापूर (जि. सोलापूर) आणि कंझारा (जि. अकोला) या गावांतील कुटुंबांच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने जमवलेल्या माहितीवरून हा हिशेब मांडला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बुडालेली मिळकत मजुरीच्या सुमारे एक चतुर्थांश होती. योजनेवर दिलेला बराचसा वेळ बेकारी, घरकाम व विश्रांती यांतून आलेला होता.

१९८८ मध्ये योजनेची मजुरी किमान वेतनाबरोबर जवळजवळ दुप्पट झाली, त्यानंतर मात्र कामावरील उपस्थिती घटली. शुभम चौधरी यांच्यासह १९९३ मध्ये केलेल्या अभ्यासात रॅव्हेलियन व दत्त यांनी कामाचे वाटप मर्यादित होऊ लागल्याचे दाखवले. मजुरीचा दर वाढताना तरतूद अपुरी राहिली, तर मागेल त्याला काम ही हमीच दुबळी होते, हा या संशोधनाचा मुख्य धडा आहे. २००५ च्या केंद्रीय राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ही हमी महाराष्ट्राबाहेर नेली.